चूल कोण सारवतं?

गॅसची शेगडी बिघडली की आपण फोन करून माणूस बोलावतो. चूल बिघडली म्हणून कुणी कुणाला बोलावल्याचं मी आमच्या बांद्यात कधी ऐकलं नाही. कड ढासळली, भेग पडली, वैलाचं तोंड राखेनं बुजलं, तर जिनं सकाळी त्या चुलीवर पेज शिजवली तीच दुपारी माती कालवून बसायची. वापरणारी आणि दुरुस्त करणारी बाई एकच. गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे लक्षच जात नाही. पण चुलीचा गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास वाचू लागलं, की प्रत्येक वळणावर हाच प्रश्न आडवा येतो: दुरुस्ती कोण करणार?

बांद्याला नेहमीचा इतिहास पुष्कळ आहे. तेरेखोल नदीकाठची जुनी पेठ, आदिलशाहीची आठवण सांगणारा रेडे घुमट, सावंतवाडी संस्थान, आणि हाकेच्या अंतरावर गोव्याची हद्द. या इतिहासाचे फलक लागतात. चुलीचा फलक लागत नाही, कारण चूल टिकतच नाही. पावसात पडक्या घराची चूल दोन वर्षांत माती होऊन जाते. तिचा इतिहास शोधायचा तर तो दगडावर सापडत नाही. भाषेत, हिशेबाच्या वह्यांत आणि बायकांच्या हातांत शोधावा लागतो.

चूल म्हणजे एक घर

भाषेपासून सुरुवात करू. भाऊ वेगळे झाले तर आपण 'वेगळी चूल मांडली' म्हणतो. भिंत मध्ये घातली असं म्हणत नाही. अख्ख्या घराला जेवायला बोलावलं तर ते 'चूलबंद' आमंत्रण, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायला नको. कुणाची 'चूल पेटली नाही' म्हणजे तिथे उपास घडला. आणि भांडणं सगळीकडेच असतात हे सांगायला 'घरोघरी मातीच्या चुली'.

सरकारनंही हीच व्याख्या उचलली. भारताच्या जनगणनेत 'कुटुंब' ठरतं ते एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या माणसांवरून, रक्ताच्या नात्यावरून नव्हे. आमच्या हद्दीपलीकडे, गोव्यात, पोर्तुगीज दप्तरांत घरांची मोजदाद 'फोगुश' अशी व्हायची. फोगु म्हणजे आग. एक आग, एक घर. इंग्लंडच्या राजानं तर १६६२ ते १६८९ या काळात दर चुलाण्यामागे कर घेतला.

म्हणजे चूल मोजली गेली. तिच्यावर कर बसला, तिच्यावरून माणसं मोजली गेली. तिच्यासमोर बसणारी मात्र कोणत्याच रकान्यात आली नाही.

दोन चिरे आणि एक वैल

तुमच्यापैकी अनेकांनी चूल फक्त हॉटेलच्या बोर्डावर किंवा रीलमध्ये पाहिली असेल, म्हणून तिची रचना सांगते.

आमच्याकडे जांभ्याचे चिरे मुबलक. चुलीच्या दोन बाजूंना चिरा किंवा मातीची जाड भिंत, मागे बंद, पुढे लाकूड सारायला तोंड. वरच्या काठावर मातीचे तीन उंचवटे. भांडं थेट काठावर बसलं तर ज्वाळा कोंडते आणि धूर होतो. हे उंचवटे भांडं बोटभर उचलून धरतात, तेवढ्या फटीतून आग वर येते. ही फट जास्त झाली तर ऊब वाया जाते, कमी झाली तर भांडं काजळतं. मोजपट्टी नसते. बोट हेच माप.

शेजारी वैल. मोठ्या चुलीतून एक आडवं भोक शेजारच्या लहान चुलीत जातं. तिथे वेगळं लाकूड घालत नाहीत. मुख्य आगीची उरलेली ऊब तिथे येते. भात मोठ्या चुलीवर उकळतो, मग वैलावर मुरतो. डाळ, दूध, गरम पाणी वैलावर राहतं. एकाच आगीवर दोन भांडी.

ही अक्कल जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथल्या घरांच्या अवशेषांत धान्य साठवायच्या जागांबरोबर चुलीही सापडल्या.

युरोपात 'एका आगीवर अनेक भांडी' ही कल्पना लोखंडात उतरली. बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रमफर्ड, अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियाच्या दरबारात चाकरी केलेला शास्त्रज्ञ. १७९० च्या दशकात म्युनिकमध्ये गरिबांसाठी मोठी स्वयंपाकघरं चालवताना त्याला दिसलं की उघड्या आगीतली बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाते. त्यानं आग विटांच्या बंदिस्त कोठीत कोंडली, भांड्यांसाठी वर भोकं ठेवली आणि हवा कमी-जास्त करायला झडपा बसवल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात याच विचारातून ओतीव लोखंडाची 'रेंज' घरोघरी गेली: वर तवे, बाजूला ओव्हन, कडेला पाण्याची टाकी.

वैल आणि रेंज यांत तत्त्व एकच. फरक दोन. रेंजला धुराडं आहे, वैलाला नाही. आणि रेंज कारखान्यात बनते, चूल घरात.

आगोटीपासून राखेपर्यंत

चूल 'वापरणं' हे काम स्वयंपाकाच्या वेळेपुरतं नसतं. आमच्याकडे ते आगोटीला सुरू होतं. आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असा कोसळतो की बाहेर ठेवलेलं काहीच सुकत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये लाकूड फोडून, उन्हात तापवून पडवीत किंवा खोपीत रचायचं. आयन, किंजळ ही जड लाकडं जास्त वेळ धगधगणारी, म्हणून ती भाताला आणि आंघोळीच्या पाण्याला. माडाची चुडतं, पोय, करवंट्या, सोडणं पेटवणाला. पातेरा झाडून आणायचा तो न्हाणीच्या चुलीसाठी.

ओलं लाकूड चुलीत घातलं तर काय होतं, हे आजी एका वाक्यात सांगायची: "वली लाकडा चुलीक घातलंस, तर भाताआदी धूर शिजतलो गो." शास्त्र हेच सांगतं. लाकडातलं पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं. तेवढी आगीची ताकद त्यात खर्च होते, तापमान पडतं, लाकडातून सुटणारे वायू पुरते जळत नाहीत. न जळलेला वायू म्हणजेच धूर. लोखंडी रेंज वापरणाऱ्यांनाही हाच धडा असतो. ओल्या लाकडाचं डांबर धुराड्यात आतून चिकटतं आणि एक दिवस तेच पेट घेतं.

मग रोजची निगा. सकाळी राख काढायची, पण सगळी नाही. तळाशी थोडी राख ठेवली तर निखारा धरून राहतो. रात्री मोठा निखारा राखेखाली पुरून ठेवला की सकाळी चुडताची चार पानं आणि फुंकणीच्या दोन फुंका पुरतात, काडेपेटी वाचते. काढलेली राख भांड्यांना, उरलेली भाजीच्या अळ्यात.

दिवसाआड चूल सारवायची. माती, शेण, पाणी. हे नुसतं स्वच्छतेसाठी नसतं. रोज तापून आणि थंड होऊन माती आकसते, बारीक भेगा पडतात. सारवण त्या भेगा मोठ्या होण्याआधी भरून काढतं. मोठी भेग पडली तर वारुळाची चिकण माती आणि भाताचा तूस कालवून लिंपायचं. तूस कशाला? नुसती माती वाळताना तडकते, तूस तिला धरून ठेवतो.

आता युरोपातल्या त्या देखण्या लोखंडी रेंजकडे पुन्हा बघू. ती कमी कामाची होती का? इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात मोलकरणीचा दिवस रेंजपासूनच सुरू होतो: राख काढा, रेंज झाडा, आग पेटवा, लोखंडाला काळं पॉलिश करा. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात यावर मार्मिक बोट ठेवलं. लोखंडी चुलीला लाकूड कमी लागायचं, त्यामुळे लाकूड फोडण्याचं पुरुषांचं काम घटलं. बायकांचं घटलं नाही. उलट चूल घासायचं नवं काम आलं, आणि एका वेळी तीन-चार पदार्थ करता येतात म्हटल्यावर तेवढे करायची अपेक्षाही आली.

धुराचे दोन हिशेब

आमच्या चुलीला धुराडं का नव्हतं? कारण धूर नुसता त्रास नव्हता, तो कामालाही यायचा. स्वयंपाकघराच्या छपराला फटी असत. आधी गवत, मग देशी नळीची कौलं, मग मंगलोरी कौलं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. धूर वर जाऊन या फटींतून हळूहळू बाहेर पडायचा. जाताजाता वासे आणि रिपा काळ्या करून जायचा, तशा लाकडाला कीड कमी लागते. चुलीच्या वर टांगलेली सुकी मासळी, मिरच्या, सोलं, पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी, हे सगळं पावसाळाभर त्या धुरावर तगायचं. चार महिने जिथे मीठही पाझरतं, तिथे हा फायदा लहान नाही.

पण दुसरा हिशेब शरीराचा होता. तो बराच काळ कुणी मांडला नाही, कारण शहरातल्या गिरणीचा धूर प्रदूषण मानला जायचा आणि घरातला धूर म्हणजे घरचीच गोष्ट. १९८१ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजमापाची उपकरणं लावली. आकडे मोठ्या शहरांच्या हवेपेक्षा कितीतरी वाईट निघाले. त्यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथून जगभर या विषयाचं संशोधन उभं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

म्हाताऱ्या बायकांचे डोळे लाल असायचेच, खोकला असायचाच. माझ्या लहानपणी ते म्हातारपणाचं लक्षण मानलं जायचं. ते चुलीचं लक्षण होतं.

बिनधुराची चूल आणि तिचा कारागीर

धूर घालवायचे प्रयत्न आपल्याकडे लवकर सुरू झाले. गांधीजींच्या प्रेरणेनं १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याची मगनवाडी त्याचं केंद्र. तिथे चाळीसच्या दशकात 'मगन चूल' तयार झाली: मातीचीच, पण धुराड्याची. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी अशीच चूल आखली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. लाखो घरांची स्वयंपाकघरं बिनधुराची व्हावीत हे स्वप्न तिच्या नावातच होतं.

डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. या वेळेपर्यंत जंगलं वाचवणं हाही हेतू जोडला गेला होता. जुन्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा ढोबळ दहा-पंधरा टक्के भागच भांड्यात पोचतो, सुधारित चुलीनं किमान वीस टक्के पोचवावा अशी अट होती. २००२ मध्ये केंद्रानं कार्यक्रम आवरला, तोवर देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या होत्या. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या १९९६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी, चुलींचे आराखडे आणि साचे तयार करून ग्रामीण कारागिरांना ते शिकवले.

साडेतीन कोटी हा आकडा बसवलेल्या चुलींचा. चालू राहिलेल्या चुलींचा नव्हे. बसवली की मोजली, मोजली की काम झालं.

पुढे काय होतं याचा एक काटेकोर अभ्यास ओडिशात झाला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी सुमारे २६०० कुटुंबांना मिळालेल्या धुराड्याच्या चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक पुसला गेला. आरोग्यात आणि लाकडाच्या वापरात मोठा बदल दिसलाच नाही. लोक चूल नियमित वापरत नव्हते आणि तिची निगा पुरेशी राखली जात नव्हती.

हे वाचून 'गावच्या बायका आळशी' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्याच बायका दिवसाआड चूल सारवत होत्या, हे मघाशी आपण पाहिलं. मग धुराड्याच्या चुलीशीच आळस का? मला वाटतं उत्तर दुरुस्तीत आहे. मातीची कड ढासळली तर माती परसात आहे. सिमेंटचा पाइप फुटला तर तो आणायचा बाजारातून, पैसे देऊन, आणि ते पैसे बहुधा तिच्या हातात नसतात. धुराड्यात काजळी धरली तर वर चढून ती झाडावी लागते. नऊवारीतल्या बाईनं छपरावर चढायचं, की चढणाऱ्या पुरुषाच्या सवडीची वाट बघायची? आणि आमच्या कोकणात आणखी एक अडचण: पाइपासाठी कौलारात भोक पाडलं की जूनमध्ये पाणी नेमकं तिथूनच चुलीत. मग पाइप काढून भोक बुजवणं हाच शहाणपणा ठरतो.

जुनी चूल तिच्या हातातली होती. नवी चूल तिच्यासाठी होती, पण तिच्या हातातली नव्हती.

गॅस आला, चूल गेली नाही

भारतात घरगुती गॅस १९५५ च्या सुमारास मुंबईत आला, १९६५ मध्ये इंडियन ऑइलनं कोलकात्यात इंडेन सुरू केला. खेड्यापर्यंत तो खऱ्या अर्थानं पोचायला पन्नास वर्षं गेली. १ मे २०१६ ला बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. आठ कोटींचं उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये पुरं झालं, त्या आठ कोटीव्या जोडणीचा कार्यक्रम औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाला.

पण त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसलं की उज्ज्वलाची कुटुंबं वर्षाला सरासरी जेमतेम तीन-साडेतीन सिलिंडर घेत होती. उरलेल्या दिवसांचं जेवण कशावर होत होतं, हे सांगायला नको. गॅसच्या शेगडीला सारवण लागत नाही, राख काढावी लागत नाही, छातीत धूर जात नाही. त्या बदल्यात दर महिन्याला रोख रक्कम लागते. पूर्वी निगा घामानं व्हायची, आता पैशानं. ज्या घरात घाम फुकट आणि पैसा महाग, तिथे चूल टिकते.

आमच्याच जिल्ह्यात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं मधली वाट धरली आणि गोठ्यातल्या शेणावर चालणारे बायोगॅस घरोघरी उभे केले. धूर नाही, सिलिंडर नाही. रोजची निगा मात्र इथेही आहे, शेण-पाण्याचा काला करून टाकीत सोडायची. तो काला कोण कालवतं, हा प्रश्न प्रत्येक घरानं स्वतःला विचारावा.

दरम्यान चुलीला बाजारात भाव आला आहे. मुंबई-गोवा महामार्गावर 'चुलीवरचं जेवण' असे बोर्ड दिसतात. आम्हीही थांबतो, चव वेगळी असते हे खरं आहे. मंद आच, मातीचं भांडं, धुराचा किंचित वास. मला त्यात गैर काही वाटत नाही. फक्त मी हल्ली हात धुवायच्या निमित्तानं मागच्या बाजूला डोकावते. छप्पर उंच आहे का, भिंत उघडी आहे का, आणि चुलीसमोर बसलेली बाई खोकते आहे का, एवढं बघते.

चुलीची नोस्टॅल्जिया करणाऱ्यांना धूर दिसत नाही, आणि चुलीला मागासलेपण म्हणणाऱ्यांना कौशल्य दिसत नाही. दोन्ही खरं आहे. माती ओळखणं, लाकूड ओळखणं, वैलाच्या भोकाचा उतार नजरेनं ठरवणं ही अभियांत्रिकी आहे, आणि ती करणाऱ्यांनी तिची किंमत फुप्फुसानं मोजली हेही इतिहासच आहे.

चूल घालता येणाऱ्या बायका बांद्यात अजून आहेत, पण बहुतेक साठीच्या पुढच्या. तुमच्या घरात किंवा वाडीत अशी कुणी असेल तर मोबाइल काढून रेसिपीचा व्हिडिओ करण्याऐवजी एकदा तिला विचारा: माती कुठली घेत होतीस? तूस किती? वैलाचं भोक कुठून काढत होतीस? आणि शेवटी हेही विचारा, की खोकला कधीपासून आहे. उत्तरं लिहून ठेवा. आणि मग तिला दवाखान्यात घेऊन जा.